दळणात खडा आणि एआय सर्व्हर आडवा

डिनायल ऑफ सर्व्हिस, म्हणजे सेवा अडवून धरणारा हल्ला, म्हटलं की बहुतेकांना गर्दी आठवते. दहावीचा निकाल लागला की दुपारी निकालाची साईट कशी नुसती गोल गोल फिरत बसते, तसंच काहीतरी, फक्त इथे गर्दी मुद्दाम जमवलेली, हॅक केलेले हजारो कॉम्प्युटर एकाच वेळी एका सर्व्हरचं दार वाजवतायत आणि खरं गिऱ्हाईक बाहेर ताटकळतंय. असे हल्ले रोज होतात, पण आज मला त्याबद्दल बोलायचं नाहीये. मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअरमधे जो प्रकार चालतो त्याला गर्दी लागतच नाही. एक माणूस पुरतो, एक रिक्वेस्ट पुरते, आणि एका केसमधे तर अक्षरशः चार बाईट्स पुरले, ती गोष्ट पुढे येईलच.

माझी या विषयाशी ओळख झाली ती कुठला पेपर वाचून नाही. एका ठिकाणी बिलांच्या फोटोवरून आकडे वाचणारं मॉडेल आम्ही सर्व्हरवर टाकलं होतं, महिनाभर मस्त चाललं, आणि एके रात्री अकराच्या सुमारास पडलं. आपोआप रीस्टार्ट व्हायची सोय होती म्हणून उठलं, परत पडलं, परत उठलं, परत पडलं, असं सकाळपर्यंत. लॉगमधे एररची एक ओळ नाही. शेवटी सापडलं काय, तर एका युजरचं नेट फोटो पाठवता पाठवता गेलं आणि आमच्याकडे शून्य बाईट्सची फाईल आली. ती फाईल उघडताना प्रोसेस मरायची, काम पूर्ण झालं नाही म्हणून रांग ते काम परत पहिल्या नंबरावर लावायची, आणि सर्व्हर उठून मॉडेल लोड करून पहिलं काम हातात घ्यायचा ते हेच. हल्लेखोर बिल्लेखोर कोणी नव्हता, बिचारा कोणीतरी लिफ्टमधे होता बहुतेक.

आता हे असं का होतं, ते समजायला पिठाची गिरणी बघा. पूर्वी घरात जातं असायचं. घरचीच बाई धान्य निवडायची, घरचीच दळायची, खडा राहिला तर घरच्यांच्याच दाताखाली यायचा, त्यामुळे जात्यात धान्य तपासायची वेगळी सोय असावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मग गिरणी आली. आता गल्लीतल्या सगळ्यांचे डबे तिथे येणार, कुणी निवडून आणणार कुणी नाही, एखाद्याच्या ज्वारीत खिळा निघणार. आणि खिळा एकाच्या डब्यात निघाला तरी गिरणी बंद पडली की दळण सगळ्यांचंच अडणार. अजून एक, गिरणी रिकामी फिरवली की दगडावर दगड घासतो, म्हणून गिरणीवाला तोंडातलं धान्य संपायच्या आत पुढचा डबा ओततो किंवा मोटर बंद करतो. म्हणजे खडा तर सोडाच, काहीच नसणं हासुद्धा त्रास आहे. हे लक्षात ठेवा, मशीन लर्निंगमधल्या निम्म्या गोष्टी या 'काहीच नसण्या'तून निघतात.

मशीन लर्निंगची लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड, ही मुळात जातं आहे. कॅफे, टॉर्च, टेन्सरफ्लो ही सगळी मंडळी मुख्यतः संशोधक आणि इंजिनिअर यांच्या स्वतःच्या वापरासाठी लिहिली गेली. डेटा त्यांचा, मॉडेल त्यांचं, मशीन त्यांचं. आकडे चुकले तर प्रोग्रॅमनं ताबडतोब थांबावं हीच त्यांची इच्छा, कारण चुकीच्या आकड्यांवर तीन दिवस ट्रेनिंग चालू राहण्यापेक्षा पहिल्या मिनिटाला क्रॅश झालेलं कधीही परवडलं. गूगलनं टेन्सरफ्लो नोव्हेंबर २०१५ मधे सगळ्यांसाठी खुलं केलं आणि बघता बघता हेच जातं लोकांनी गिरणी म्हणून चौकात मांडलं. मॉडेल वेबसाईटच्या मागे गेलं, कुणीही येऊन फोटो टाका, वाक्य टाका, मॉडेलची फाईलच टाका. आतलं कोड मात्र अजून घरचं धान्य आहे असं समजूनच चाललेलं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे टेन्सरफ्लोमधला 'चेक'. टेन्सरफ्लोचं वरचं तोंड पायथॉन या भाषेत असलं तरी आतलं सगळं जड काम सी प्लस प्लस या भाषेत होतं, आणि तिथे जागोजागी 'चेक' नावाचा एक प्रकार लिहिलेला असतो. त्याचा अर्थ असा की ही अट खरी असायलाच हवी, नसेल तर एक ओळ छापायची आणि अख्खी प्रोसेस जागेवर मारायची. लॅबमधे ठीक. पण सर्व्हरवर ती प्रोसेस म्हणजेच गिरणी, तिच्यात त्या क्षणी पन्नास लोकांचं दळण चालू असेल तर पन्नासही गेले. पायथॉनवाल्यांना इथे एक धक्का बसतो. आपण वर छान ट्राय-एक्सेप्ट लावलेलं असतं, काही झालं तर सांभाळून घेऊ म्हणून, पण ट्राय-एक्सेप्ट पायथॉनचे अपवाद पकडतं, खालून ऑपरेटिंग सिस्टीमनं प्रोसेसच उचलली तर पायथॉन उरतोच कुठे काही पकडायला. म्हणूनच आमच्या पायथॉनच्या लॉगमधे ओळ नव्हती.

दुसरा प्रकार म्हणजे शून्यानं भागाकार. शाळेत सगळ्यांनी ऐकलंय की शून्यानं भागायचं नाही, पण पायथॉनमधे भागलं तर नुसती एरर येते, सी प्लस प्लसमधे दशांशाच्या आकड्यांत भागलं तर 'अनंत' येतं आणि काम पुढे चालू राहतं, आणि तिथेच पूर्णांकाला शून्यानं भागलं तर इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर थेट सिग्नल येतो आणि प्रोग्रॅम मरतो. (गंमत म्हणजे नव्या ६४ बिट आर्म प्रोसेसरवर तोच भागाकार गुपचूप शून्य उत्तर देतो, म्हणजे डेव्हलपरच्या नव्या मॅकवर सगळं हिरवंगार आणि सर्व्हरवर स्मशान.) टेन्सरफ्लोमधे फोटोवर चालणारं जे सगळ्यात नेहमीचं ऑपरेशन, कन्व्होल्यूशन (फोटोवरून आकड्यांची एक छोटी चाळणी, म्हणजे फिल्टर, फिरवणं), त्यात इनपुटची खोली (एका ठिपक्यामागे किती आकडे) फिल्टरच्या खोलीनं भागून बघितली जायची, बरोबर बसतेय का म्हणून. फिल्टरची खोली शून्य दिली की संपलं. सीव्हीई-२०२१-२९५२६ हा नंबर त्याच भोकाचा (सापडलेल्या सुरक्षा भोकांना जाहीर यादीत असे सीव्हीई नंबर मिळतात). मे २०२१ मधे टेन्सरफ्लो २.५ आलं तेव्हा असल्या शंभरएक सुरक्षा दुरुस्त्या एकदम आल्या, त्यातल्या कितीतरी याच जातकुळीतल्या, इथे शून्य, तिथे रिकामा डेटा, अजून कुठे उणे आकडा. शोधणारे बरेचसे चिनी कंपन्यांच्या सिक्युरिटी टीममधले, आधी किहू ३६० ची एआयव्हल टीम, मग बायडूची एक्स टीम.

आणि दुरुस्ती काय, तर बऱ्याच ठिकाणी फक्त 'चेक'च्या जागी दुसरा एक शब्दप्रयोग, जो अट मोडली तर प्रोसेस मारत नाही, त्या एका कॉलला 'हे चालणार नाही' अशी एरर परत देतो. गिरणीवाल्यानं मोटर बंद करून शटर खाली ओढण्याऐवजी डबा परत देऊन 'ताई, निवडून आणा' म्हणायचं, बास. एवढं साधं आहे म्हणून तर ते शेकड्यानं राहून गेलं.

तिसरा प्रकार मला स्वतःला सगळ्यात आवडतो, कारण त्यात हल्लेखोर फक्त बोलतो, देत काहीच नाही. टेन्सर म्हणजे आकड्यांचा ठोकळा, आणि त्याच्या आधी त्याचा आकार सांगितलेला असतो, एवढ्या ओळी, एवढे रकाने. आता मी फक्त आकार पाठवला, एक लाख बाय एक लाख. दोनच आकडे, पण लायब्ररी इमानेइतबारे जागा आखायला जाते, दहा अब्ज खाने गुणिले प्रत्येकी ४ बाईट्स, झाले ४० जीबी. लग्नाच्या हॉलवाल्याला फोन करून 'पाच हजार पानं' सांगायचं आणि फोन ठेवून द्यायचा, तो बिचारा भांडी आणायला पळाला. त्याच्याही पुढे जाऊन चार परिमाणं दिली, प्रत्येक एक लाख, तर गुणाकार येतो १ वर २० शून्यं, आणि ६४ बिटच्या पूर्णांकात साधारण ९.२ वर १८ शून्यं एवढंच मावतं. मग आकडा उलटतो, उणे होतो, काहीतरी भलतंच होतो, आणि पुढच्या कुठल्यातरी 'चेक'वर जाऊन आपटतो.

फोटोंच्या जगात हे आधीच शिकून झालंय. पिलो नावाची पायथॉनची फोटो लायब्ररी आहे, ती सुमारे ९ कोटी पिक्सेलच्या वरचा फोटो दिसला की वॉर्निंग देते आणि त्याच्या दुप्पट गेला की सरळ नाही म्हणते, कारण काही केबींची फाईल उघडल्यावर काही जीबींची होऊ शकते. मॉडेल साठवायचा सेफटेन्सर्स हा हगिंग फेसचा (मॉडेल्स वाटायची साईट चालवणारी कंपनी) फॉरमॅट बनवताना पण त्यांनी हे डोक्यात ठेवलं. फाईलचे पहिले ८ बाईट्स सांगतात की पुढचा हेडर (फाईलमधे काय आहे सांगणारी पाटी) केवढा आहे, आणि तो आकडा १०० एमबीच्या वर असेल तर लायब्ररी पुढे वाचतच नाही. मला वाटतं 'सेफ' हा शब्द लोक फक्त फाईल उघडताना आत लपवलेला कोड चालणार नाही एवढ्याच अर्थानं घेतात, ही शंभर एमबीची रेघ कुणाच्या नजरेत भरत नाही.

बरं, हे सगळं मरण्याबद्दल झालं. पण न मरता अडकून राहणं हा त्याहून चिवट प्रकार. २०१७ मधे किहू ३६० आणि अमेरिकेतल्या जॉर्जिया आणि व्हर्जिनिया विद्यापीठांतल्या संशोधकांनी कॅफे, टॉर्च आणि टेन्सरफ्लो उघडून बघितलं. त्यांचा मुद्दा असा होता की लोक न्यूरल नेटवर्कला फसवण्यावर पेपरवर पेपर लिहितायत, पण ते नेटवर्क ज्या सॉफ्टवेअरच्या ढिगाऱ्यावर उभं आहे तिकडे कुणी बघतच नाहीये. कॅफे १३० पेक्षा जास्त लायब्रऱ्यांवर टेकलेलं, टेन्सरफ्लो ९७ पायथॉन मॉड्यूल्सवर. त्यात सापडलेल्या भोकांपैकी एक नमपाय या पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतलं, सीव्हीई-२०१७-१२८५२. नमपायमधे पॅड नावाचं एक साधं फंक्शन आहे, यादीच्या दोन्ही टोकांना आकडे जोडून ती लांब करायची. ढोबळमानानं ते असं चालायचं की जेवढी लांबी आहे तेवढ्या पावलानं पुढे सरकत जायचं, हवी ती लांबी भरेपर्यंत. आता यादीच रिकामी दिली तर पाऊल शून्याचं. चालतोय चालतोय, जागेवरच. इन्फिनिट लूप, सीपीयू शंभर टक्के, आणि क्रॅश नाही म्हणून रीस्टार्टसुद्धा नाही, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काम चालू आहे. ही रिकामी गिरणी.

याचाच चुलत भाऊ म्हणजे रेगेक्स. मजकुरात एखादा नमुना शोधायला रेगेक्स वापरतात आणि तो वाईट लिहिला तर ठरावीक मजकुरावर त्याला लागणारा वेळ अवाच्या सव्वा वाढतो. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांची प्रश्नोत्तरांची साईट ३४ मिनिटं बंद होती, कारण एका पोस्टमधे कुणीतरी सलग सुमारे २०,००० स्पेस टाकल्या होत्या आणि कडेच्या स्पेस काढणारा रेगेक्स पहिल्या स्पेसपासून शेवटपर्यंत जायचा, जमलं नाही म्हणून दुसऱ्या स्पेसपासून परत शेवटपर्यंत, मग तिसऱ्या, असं करत करत २० कोटीच्या घरात तपासण्या. ते काही मशीन लर्निंग नव्हतं, पण भाषेच्या मॉडेल्सच्या सॉफ्टवेअरमधे असे रेगेक्स खच्चून भरलेत, कारण मॉडेलच्या आत जाणारा आणि बाहेर येणारा सगळा मजकूरच. हगिंग फेसच्या ट्रान्सफॉर्मर्स लायब्ररीत नुगाट नावाच्या, संशोधनाच्या पीडीएफ वाचणाऱ्या मॉडेलच्या टोकनायझरमधे (मजकुराचे तुकडे करणारा आणि परत जोडणारा भाग) असा एक रेगेक्स सापडला, सीव्हीई-२०२४-१२७२०. मॉडेल अब्जावधी गणितं करून मोकळं आणि शेवटी साफसफाई करणारी एक ओळ सर्व्हर घेऊन बसली, म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते अगदी खरं.

आता ती चार बाईट्सची गोष्ट. स्वतःच्या लॅपटॉपवर एलएलएम, म्हणजे चॅटजीपीटीसारखं भाषेचं मोठं मॉडेल, चालवायचं असेल तर ओलामा हे नाव तुम्ही ऐकलंच असेल, सोपं आहे, एका कमांडीत मॉडेल सुरू. त्यात मॉडेलच्या फाईली जीजीयूएफ नावाच्या फॉरमॅटमधे असतात आणि प्रत्येक फाईलची सुरुवात जी, जी, यू, एफ या चार अक्षरांनी होते, ओळख पटावी म्हणून. २०२४ मधे ऑलिगो सिक्युरिटीच्या लोकांनी दाखवलं की ज्या फाईलमधे फक्त ती चारच अक्षरं आहेत आणि पुढे काहीच नाही अशी फाईल पाठवायची, मग दुसरी रिक्वेस्ट करून त्यापासून मॉडेल बनव म्हणायचं. ओलामा पाटी वाचून आत शिरतं, आत घरच नाही, नसलेल्या जागेतून वाचायला जातं आणि सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम जागेवर ठार. सीव्हीई-२०२४-३९७२०, आवृत्ती ०.१.४६ मधे दुरुस्त झालं. त्याच्याच शेजारचा ३९७२१ तर अजून भारी. मॉडेल बनवताना फाईलचा पत्ता युजर द्यायचा, तिथे लिनक्सची 'डेव्ह रँडम' ही फाईल द्यायची, जी खरी फाईल नाहीच, यादृच्छिक बाईट्सचा न संपणारा नळ आहे. ओलामा भक्तिभावानं वाचत बसायचं. तुम्ही कनेक्शन तोडून निघून गेलात तरी ते वाचतच असायचं.

तुम्ही म्हणाल माझ्या लॅपटॉपवर मीच आहे, कोण पाठवणार. बरोबर, ओलामा तसं फक्त स्वतःच्या मशीनचंच ऐकतं. पण तेच डॉकरमधून (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात बंद करून चालवायचं साधन) चालवलं की ते सगळ्या नेटवर्कचं ऐकायला लागतं, आणि लॉगिन पासवर्ड असं त्यात मुळात काही नाही. परत तेच, जातं चौकात.

मोठ्या कंपन्या सर्व्हरसाठी जे वापरतात त्यातलं एक मोठं नाव व्हीएलएलएम, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेलं. ते लिहिलंच होतं सर्व्हर म्हणून, म्हणजे गिरणी म्हणूनच बांधलेलं, तरी २०२४ मधे त्यात सापडलं की रिकामा प्रॉम्प्ट (मॉडेलला द्यायचा मजकूर) पाठवला की सर्व्हर क्रॅश होतो. रिकामा. काहीच न लिहिता एंटर. सीव्हीई-२०२४-८७६८. दुसरं त्याच सुमाराचं, 'बेस्ट ऑफ' म्हणून एक पर्याय असायचा, एका प्रश्नाची इतकी उत्तरं बनव आणि त्यातलं सगळ्यात चांगलं दे. इतकी म्हणजे किती यावर नीट लगाम नव्हता. आणि तिसरं थोडं वेगळं, उत्तर ठरावीक साच्यातच यावं म्हणून युजर साचा पाठवतो, तो साचा वापरणारी लायब्ररी प्रत्येक नवा साचा डिस्कवर जपून ठेवायची, त्यामुळे रोज वेगवेगळे साचे पाठवत राहिलं की एक दिवस डिस्कच भरते. यात क्रॅश नाही, मेमरी नाही, जीपीयू (मॉडेलची गणितं करणारी चिप) नाही, नुसती हार्ड डिस्क. २०२५ मधे तोही सीव्हीई झाला.

एलएलएमच्या सर्व्हरवर क्रॅश जास्त लागतो याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे बॅचिंग. जीपीयू महाग, म्हणून एका वेळी अनेकांच्या रिक्वेस्ट एकत्र दळल्या जातात. जात्यातले रडतात सुपातले हसतात अशी म्हण आहे आपल्याकडे, इथे प्रोसेस मेली की जात्यातलेही रडतात आणि रांगेत सुपात बसलेलेही. दुसरं म्हणजे उठायला लागणारा वेळ. साधा वेब सर्व्हर मेला तर सेकंदात उभा राहतो. ७० अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे आत तेवढे आकडे साठवलेलं मॉडेल, प्रत्येकाला २ बाईट्स, म्हणजे १४० जीबी, आणि डिस्क सेकंदाला २ जीबी वाचते म्हटलं तरी नुसतं वाचायलाच ७० सेकंद, मग ते जीपीयूवर चढवणं, गरम होणं वगैरे वेगळं. म्हणजे हल्लेखोरानं दर मिनिटाला एक, हो एकच, रिक्वेस्ट पाठवली तरी तुमचा लाखो रुपयांचा जीपीयू दिवसभर फक्त उठाबशा काढणार. आणि मिनिटाला एक रिक्वेस्ट कुठल्याही रेट लिमिटमधे (एकानं किती वेळात किती रिक्वेस्ट पाठवायच्या ती मर्यादा) आरामात बसते.

आत्तापर्यंत जे सांगितलं त्यात कुणाची ना कुणाची चूक होती, तपासायचं राहिलं. पण एक प्रकार असा आहे की जिथे कोड अगदी बरोबर आहे, मॉडेल बरोबर आहे, उत्तरही बरोबर येतं, फक्त वेळ आणि वीज जास्त जाते. केंब्रिज आणि टोरांटोच्या संशोधकांनी २०२० मधे याला स्पंज असं नाव दिलं. इनपुट असं घडवायचं की मॉडेल जास्तीत जास्त घाम गाळेल. त्यांनी ऊर्जा १० ते २०० पट वाढवून दाखवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अझुर ट्रान्सलेटरवर करून बघितलं तेव्हा १ मिलिसेकंदाचं उत्तर ६ सेकंदांवर गेलं, ६००० पट. फोटोच्या मॉडेलवर याचा फारसा परिणाम होत नाही कारण फोटो कसलाही असला तरी गणितं जवळपास तेवढीच, पण भाषेत काम हे लांबीवर ठरतं, आणि लांबी म्हणजे तुम्ही टाईप केलेली अक्षरं नव्हे, टोकन्स. मॉडेल शब्दांचे तुकडे करून वाचतं, ओळखीचा शब्द एका तुकड्यात, अनोळखी शब्दाचे सात आठ तुकडे. विचित्र अक्षरं घातली की छोट्याशा वाक्याचे ढीगभर तुकडे होतात.

आणि इथे आपला मराठीचा संबंध येतो, ओढूनताणून नाही, खराच. देवनागरीचं एक एक चिन्ह यूटीएफ-८ मधे ३ बाईट्स घेतं आणि जुने टोकनायझर प्रामुख्यानं इंग्रजीवर घडलेले, त्यामुळे मराठी वाक्याचा भुगा व्हायचा. ओपनएआयनं मे २०२४ मधे जीपीटी-४ओ आणलं तेव्हा त्यांनीच तक्ता दिला होता, नमुन्याचं मराठी वाक्य आधी ९६ टोकन्सचं होतं ते ३३ वर आलं. म्हणजे तोवर आपण सगळे नकळत थोडेसे स्पंजच होतो, साधं 'नमस्कार कसे आहात' म्हणायला इंग्रजीवाल्यापेक्षा कितीतरी जास्त दळण घालत होतो. यात सर्व्हर लिहिणाऱ्यांसाठी एक अगदी कामाची गोष्ट आहे. इनपुटवर मर्यादा घालायची तर ती अक्षरांवर घालून उपयोग नाही, टोकन्सवर घाला. ५०० अक्षरांची मर्यादा इंग्रजीत सव्वाशे टोकन्सच्या आसपास जाते, त्याच ५०० मधे देवनागरी किंवा कुठली तरी दुर्मिळ चिन्हं भरली तर टोकनायझरप्रमाणे ते कितीही पट होऊ शकतं. आणि मराठीवाल्यांना मर्यादेमुळे मधेच तोडू नका म्हणजे झालं, तोही डिनायलच आहे एक प्रकारचा.

विचार करून उत्तर देणारी नवी मॉडेल्स आली तसा स्पंजही मोठा झाला. २०२५ मधे ओव्हरथिंक नावाचा हल्ला मांडला गेला. मॉडेल ज्या वेबपेजवरून माहिती घेणार त्या पानात सुडोकूसारखं एखादं कोडं लपवून ठेवायचं, आधी हे सोडव मग उत्तर दे म्हणून. युजरला उत्तर बरोबरच मिळतं, त्याला पत्ताही लागत नाही, पण मॉडेल आतल्या आत ४६ पटीपर्यंत जास्त वेळ घेऊन बसलं एका चाचणीत. बिल कुणाला, तर ज्यानं ते मॉडेल भाड्यानं घेतलंय त्याला. सर्व्हर पडला नाही, पैसे पडले. ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या यादीत एलएलएमच्या धोक्यांमधे आधी याला मॉडेल डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणायचे, २०२५ च्या यादीत नाव बदलून अमर्याद वापर अशा अर्थाचं केलं, आणि मला ते जास्त पटतं.

मग याला गंभीर म्हणायचं का किरकोळ, यावर मात्र जाणकारांचंच एकमत नाही. टेन्सरफ्लोच्या २०२१ मधल्या कितीतरी क्रॅशना गिटहबवर (कोड ठेवायची साईट) टीमनं स्वतः १० पैकी २.५ गुण दिले, किरकोळ. त्याच बगला अशा भोकांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय डेटाबेसनं ५.५ दिले. टेन्सरफ्लोवाल्यांचं म्हणणं असं की मॉडेल हा एक प्रोग्रॅमच आहे, अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम तुम्ही चालवायला घेतलात तर तो क्रॅश होणार यात नवल काय, सँडबॉक्समधे, म्हणजे बाकी मशीनपासून तोडलेल्या बंदिस्त जागेत, चालवा. हे तर्काला धरून आहे. पण गिरणीवाल्यानं 'डब्यात काय आणायचं ते तुमचं तुम्ही बघा' म्हणण्यासारखं आहे आणि माझं मत विचाराल तर अनोळखी मॉडेल फाईल आणि अनोळखी फोटो यात फरक करायला हवा. मॉडेल फाईलबद्दल त्यांचं बरोबर, ती कुठूनही उचलून चालवू नका. फोटो किंवा वाक्य हे मात्र गिऱ्हाईकाचं धान्य आहे, त्यानं सर्व्हर पडत असेल तर दोष गिरणीचा.

आम्ही त्या रात्रीनंतर काय केलं तर फार काही नाही. फाईल मॉडेलपर्यंत जायच्या आधीच तिचा आकार आणि फोटोची लांबी-रुंदी बघायची, शून्य किंवा अवाढव्य असेल तर तिथूनच परत. फोटो उघडायचं काम वेगळ्या छोट्या प्रोसेसमधे, जिला मेमरीची मर्यादा आणि दहा सेकंदांची मुदत, ती मेली तर मेली, मॉडेलवाली प्रोसेस तिच्याबरोबर जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखादं काम तीनदा फसलं की ते रांगेतून काढून बाजूला ठेवायचं, माणूस सकाळी बघेल. हे तिसरं आम्ही पहिल्या दिवशी केलं असतं तर मी त्या रात्री झोपलो असतो.

तेव्हापासून कुठलाही नवा मॉडेल सर्व्हर हाती आला की मी आधी रिकामा प्रॉम्प्ट, शून्य बाईट्सचा फोटो, एका बाजूला एकच पिक्सेल असलेला लांबच लांब फोटो, वीस हजार स्पेस आणि नुसतं जीजीयूएफ लिहिलेली फाईल पाठवून बघतो. दर दोन तीन सर्व्हरमागे एक तरी कण्हतो. फक्त हे स्वतःच्या सर्व्हरवर, बरं का. दुसऱ्याच्या सर्व्हरवर गंमत म्हणून केलंत तर आपल्या आयटी कायद्याच्या कलम ४३ मधे दुसऱ्याचा वापर अडवणं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि ते अप्रामाणिकपणे केलं ठरलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओपन सोर्स लायब्ररीत असं काही सापडलं तर आधी तिच्या गिटहबवर सुरक्षेचं पान असतं तिथे खाजगीत कळवायचं, हंटर नावाच्या साईटवर मशीन लर्निंगच्या लायब्रऱ्यांसाठी कधीकधी बक्षीसही मिळतं, आणि भारतातल्या कुठल्या सेवेत सापडलं तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला मेल करता येतो. मेल करताना ती रिकामी फाईल जोडायला विसरू नका, आणि शून्य बाईट्सची अटॅचमेंट काही मेलवाले गुपचूप गाळून टाकतात, तेव्हा झिप करून पाठवा.